अख्खा लहान पक्षी कोळशावर भाजताना

अख्खा पक्षी भाजताना जाळीवर खरे तर दोन वेगळ्या प्रकारची मांसे एकाच वेळी शिजत असतात. छातीचे मांस पांढरे, चरबी कमी असलेले आणि नाजूक असते. आतले तापमान ७४ अंश सेल्सियसच्या आसपास आले की ते खाण्याजोगे होते आणि त्यापुढे दहा अंश गेले की कोरडे पडते. मांडीचे मांस गडद, स्नायुबंधांनी भरलेले असते. ते ७४ अंशांना सुरक्षित होते, पण चिवटच राहते. ८० अंशांच्या पुढे गेल्यावर त्यातले बंध विरघळून ते मऊ होते. मोठ्या कोंबडीत हा फरक सांभाळायला वेळ मिळतो. लहान पक्ष्यात कातडीपासून हाडापर्यंतचे अंतर दोन-तीन सेंटिमीटर, लाव्यात तर एखाद्याच सेंटिमीटरचे. तिथे चार-पाच मिनिटांची चूकही भारी पडते. त्यामुळे लहान पक्षी चांगला भाजला जाणे हे मसाल्यापेक्षा निखारे कुठे आहेत आणि पक्षी त्यांच्यापासून किती दूर आहे यावर अधिक अवलंबून असते. मराठी घरांत भाजण्याच्या बेतातला बहुतेक वेळ मसाला वाटण्यात जातो आणि कोळसा शेवटच्या क्षणी पेटवला जातो. हा क्रम उलटा केला तरी निम्मे काम सुधारते.

पक्षी निवडताना

इथे लहान पक्षी म्हणजे साफ केल्यावर साधारण दीडशे ग्रॅम ते एक किलो वजनाचा. या मापात महाराष्ट्रात सहज मिळणारा पक्षी म्हणजे लहान ब्रॉयलर. चिकनच्या दुकानात ‘तंदुरी साइज’ मागितल्यास साफ केल्यावर ८०० ते ९०० ग्रॅम भरणारी कोंबडी मिळते. कोळशावर अख्खी भाजायला हेच माप उत्तम. सव्वा किलोच्या पुढची कोंबडी अख्खी भाजता येते, पण ती वेगळ्या पद्धतीने, बंद झाकणाखाली आणि बऱ्याच जास्त वेळात.

गावरान कोंबडी घ्यायची असेल तर वय विचारणे आवश्यक आहे. अजून अंड्यावर न आलेली तलंग भाजायला चांगली; तिची चव ब्रॉयलरपेक्षा खोल असते आणि चरबी बेताची असते. वर्ष-दीड वर्षाची कोंबडी किंवा जुना कोंबडा निखाऱ्यांवर कितीही वेळ ठेवला तरी चिवटच राहतो, कारण वयाबरोबर त्याच्या स्नायूंतले बंध घट्ट झालेले असतात आणि ते सुटायला ओलसर, मंद आणि लांब शिजवणे लागते. असा पक्षी रश्श्यासाठीच ठेवावा. मूळच्या मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातल्या कडकनाथालाही हाच नियम लागू होतो, शिवाय त्याची एक वेगळी अडचण आहे. त्याची कातडी आणि मांस मुळातच काळे असल्याने रंगावरून भाजणी ओळखता येत नाही. थर्मामीटर नसेल तर कडकनाथ जाळीवर न ठेवलेला बरा.

सर्वांत लहान पक्षी म्हणजे लावा. दुकानात तो बटेर या नावाने मिळतो. विक्रीला असतो तो पाळीव जपानी लावा. तो १९७४ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातून भारतात आणला गेला आणि बरेलीजवळच्या इज्जतनगर इथे त्याच्या पैदाशीचे काम उभे राहिले. पाच-सहा आठवड्यांत तो कापण्याजोगा होतो आणि साफ केल्यावर साधारण दीडशे ग्रॅम भरतो. रानातल्या लाव्यांची आणि तितरांची शिकार वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कोणी ‘जंगली’ म्हणून पक्षी विकत असेल तर तो घेऊ नये. भाजल्यावर चवीत पाळीव लावा कुठेही कमी पडत नाही.

परदेशातल्या मराठी घरांना माप जुळवणे सोपे जाते. अमेरिकेतल्या दुकानांत ‘कॉर्निश हेन’ या नावाने गोठवलेली लहान कोंबडी मिळते. नाव वेगळे असले तरी ती कोवळ्या वयात कापलेली नेहमीची कोंबडीच असते आणि तिचे वजन किलोच्या आत असते. ब्रिटन आणि फ्रान्समध्ये मिळणारी ‘पूसाँ’ त्याहून लहान, साधारण चारशे-साडेचारशे ग्रॅमची असते. गोठवलेला पक्षी वापरण्याच्या आदल्या दिवशी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून पूर्ण सुटू द्यावा. हाडाजवळ बर्फ राहिला तर बाहेरचे मांस करपेपर्यंत आतले कच्चे राहते.

कातडी ठेवावी की काढावी

आपल्याकडे चिकनवाला न विचारता कोंबडी सोलून देतो. कोळशासाठी मात्र कातडीसकट पक्षी मिळाला तर फार फरक पडतो. कातडीखालची चरबी हळूहळू वितळून छातीच्या मांसावर पसरते आणि थेट आचेपासून त्याला आडोसा मिळतो. म्हणून आदल्या दिवशीच सांगून ठेवावे: पिसे काढून, कातडी ठेवून, पोट साफ करून, अख्खी. घरी आणल्यावर उरलेली पिसांची मुळे चिमट्याने ओढून घ्यावीत आणि बारीक केस गॅसच्या ज्योतीवर क्षणभर फिरवून जाळून टाकावेत.

सोललेलाच पक्षी असेल तर दह्याचा दाट मसाला कातडीची जागा काही प्रमाणात घेतो. तंदूरवाले सोललेली कोंबडी दह्यात मुरवतात त्यामागे हेही कारण आहे: दह्यातले घन भाग आचेवर वाळून एक पातळ कवच तयार होते आणि मांसाचा रस आत राहतो. मात्र सोललेल्या पक्ष्याला भाजताना दोन-तीनदा तूप किंवा तेल लावावे लागते आणि तो निखाऱ्यांपासून थोडा अधिक दूर ठेवावा लागतो. सोललेला लावा जाळीवर ठेवण्यात फारसा अर्थ नाही. एवढ्या लहान अंगाला दुसरे संरक्षणच नसते.

कच्चे चिकन नळाखाली धुण्याची सवय घरोघरी आहे. त्याने जंतू मरत नाहीत. उलट पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू ओट्यावर, शेजारच्या भांड्यांवर आणि कापून ठेवलेल्या कोशिंबिरीवर जातात. रक्ताच्या गाठी आणि आतले राहिलेले तुकडे काढून टाकून, पक्षी कागदी रुमालाने आतून-बाहेरून कोरडा करणे पुरेसे असते. धुवायचेच असेल तर नळाखाली न धरता पातेल्यात सावकाश धुवावे आणि नंतर मोरी साबणाने घासावी. कच्च्यासाठी वापरलेली पाट-सुरी, परात आणि चिमटा भाजलेल्याला लागता कामा नये.

पाठ काढून उघडणे

अख्खा पक्षी गोल ठेवून भाजला तर मांडीचा सांधा आणि पोकळीची आतली बाजू सर्वांत उशिरा शिजते आणि तोवर छाती वाळून जाते. पाठीचा कणा काढून पक्षी सपाट उघडणे हा यावरचा सर्वांत सोपा उपाय आहे. पोर्तुगालच्या दक्षिणेला आल्गार्व प्रांतात ग्विया नावाचे गाव कोळशावरच्या कोंबडीसाठी प्रसिद्ध आहे. तिथेही लहान, कोवळ्या कोंबड्या अशाच उघडून, सपाट करून भाजतात आणि वर पिरी-पिरी मिरचीचे तेल लावतात.

पक्षी छातीवर पालथा ठेवावा. शेपटीच्या टोकापासून मानेपर्यंत कण्याच्या दोन्ही बाजूंनी, कण्याला अगदी लागून, मजबूत कात्रीने कापत जावे. कणा वेगळा झाला की तो टाकू नये, त्याचे चांगले सूप होते. मग पक्षी उलटा करून, उघडून, छातीच्या मधोमध तळहाताने जोराने दाबावे. हाड मोडल्याचा आवाज येतो आणि पक्षी सपाट बसतो. पंखांची टोके छातीमागे दुमडून घ्यावीत, नाहीतर ती सर्वांत आधी जळतात. मांडी आणि तंगडी जिथे जुळतात तिथे आतल्या बाजूने हाडापर्यंत एक चीर द्यावी. उष्णता सांध्यापर्यंत लवकर पोचते. छातीवर मात्र चिरा देऊ नयेत. मसाला आत जावा म्हणून छातीवर खोल काप घेण्याची पद्धत सर्रास दिसते, पण तंदुरात चालते ते उघड्या जाळीवर चालत नाही. तंदुरात चारही बाजूंनी आच असते आणि भाजणी झटपट होते. जाळीवर त्याच चिरांतून रस ठिबकत राहतो.

लावाही असाच उघडता येतो. त्याची हाडे एवढी नाजूक असतात की स्वयंपाकघरातली साधी कात्री पुरते. उघडलेल्या लाव्यातून दोन सळया एकमेकींना समांतर घालाव्यात. एकच सळई घातली तर उलटताना पक्षी तिच्यावर फिरतो आणि नको ती बाजू खाली राहते. बांबूच्या काड्या वापरायच्या असतील तर अर्धा तास पाण्यात भिजवाव्यात.

मीठ आधी, मसाला नंतर

मुरवण्याच्या मिश्रणातले मांसात खोलवर शिरणारे घटक थोडेच असतात आणि त्यांत मीठ पहिले. हळद, तिखट, गरम मसाला, आले-लसूण हे जवळजवळ पूर्णपणे पृष्ठभागावर राहतात, रात्रभर ठेवले तरीही. त्यामुळे मिठाला त्याचा वेळ वेगळा द्यावा. पक्ष्याच्या वजनाच्या एक टक्का किंवा किंचित जास्त मीठ पुरते: ९०० ग्रॅमच्या कोंबडीला ९ ते १० ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा, लाव्याला चिमूटभराहून थोडे जास्त. हे मीठ सगळीकडे, विशेषतः मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि छातीच्या जाड भागाला, चोळून कोंबडी फ्रिजमध्ये जाळीवर न झाकता ८ ते १२ तास ठेवावी. खाली ताट ठेवावे, म्हणजे ठिबकणारा रस दुसऱ्या पदार्थांवर पडत नाही. मीठ सुरुवातीला पाणी ओढून काढते, ते पाणी मिठासकट पुन्हा मांसात मुरते आणि मांसातली प्रथिने भाजताना रस धरून ठेवू लागतात. न झाकल्यामुळे कातडी वाळते आणि वाळलेली कातडीच निखाऱ्यांवर कुरकुरीत होते. लाव्याला दोन-तीन तास पुरेत.

मसाला भाजण्याआधी दोन-तीन तास लावला तरी चालतो. आंबट पदार्थांबाबत हात आखडता ठेवावा. दही सौम्य असते, ते रात्रभर चालते. लिंबू, व्हिनेगर आणि कोकणातले आगळ मात्र तीव्र. दोन तासांहून जास्त राहिल्यास मांसाचा वरचा थर पांढरट आणि पिठूळ होतो. लाव्याला लिंबू शेवटी वरूनच पिळावे. कच्च्या पपईचा कीस लहान कोवळ्या पक्ष्याला लावूच नये. पपईतला पपेन हा घटक प्रथिने तोडतो. जुन्या मटणाला त्याचा उपयोग होतो, पण पाच-सहा आठवड्यांच्या ब्रॉयलरमध्ये मऊ करण्यासारखे फारसे काही नसतेच.

कोळशावर चांगला उतरणारा मसाला म्हणजे ज्यात साखर नाही आणि जाडेभरडे कण कमी आहेत असा. गोव्यातला कॅफ्रियलचा हिरवा मसाला यासाठी फार सोयीचा आहे: कोथिंबीर, हिरवी मिरची, आले, लसूण, मिरे, दालचिनी, लवंग आणि व्हिनेगर एकत्र बारीक वाटलेले. हा पदार्थ आज गोव्यात बहुतेक ठिकाणी पॅनमध्ये करतात, पण तोच मसाला कोळशावर अधिक खुलतो. एक बदल तेवढा करावा: व्हिनेगर निम्म्यावर आणून उरलेली जागा तेलाने भरावी. भाजलेले सुके खोबरे आणि कांदा असलेली वाटणे मात्र जाळीवर वापरू नयेत. खोबरे आणि कांदा दोन्ही मांस शिजण्याच्या कितीतरी आधी करपून कडू होतात. गूळ, मध किंवा आमसुलाचा गोड लेप द्यायचाच असेल तर शेवटच्या दोन-तीन मिनिटांत द्यावा.

कोळसा

कोळसा लाकडी हवा. दगडी कोळशात गंधक आणि इतर द्रव्ये असतात. त्यावर अन्न भाजू नये. लाकडी कोळसा म्हणजे लाकूड अपुऱ्या हवेत तापवून त्यातले पाणी आणि बाष्पशील द्रव्ये घालवल्यावर उरलेला कार्बन. म्हणूनच तो लाकडापेक्षा कमी धुराने आणि अधिक एकसारखा जळतो. बाभळीसारख्या जड, कठीण लाकडाचा कोळसा जास्त वेळ टिकतो. हलका, भुसभुशीत कोळसा पटकन पेटतो आणि तितक्याच पटकन राख होतो. पिशवीतले तुकडे अंड्याएवढे निवडून घ्यावेत. चुरा तळाशी जाऊन हवा अडवतो. पावसाळ्यात कोळसा हवेतली ओल शोषतो आणि पेटताना तडतडून ठिणग्या उडवतो, तेव्हा वापरण्याआधी एक-दोन दिवस उन्हात ठेवावा. नारळाच्या करवंटीच्या कोळशाचे ठोकळे मिळतात, तेही चांगले. ते पेटायला वेळ घेतात, पण पुढे आच फार स्थिर ठेवतात. झटपट पेटण्यासाठी रसायनात बुडवलेले ठोकळे टाळावेत.

पेटवायला रॉकेल किंवा पेट्रोल कधीही वापरू नये. रॉकेलचा वास कातडीतल्या चरबीत उतरतो आणि पेट्रोलने जीवघेणा भडका होतो. नारळाची सुकी शेंडी किंवा चुरगळलेले वर्तमानपत्र तळाशी, त्यावर बारीक काटक्या आणि वर कोळशाचा उंच ढीग, एवढे पुरते. दोन्ही तोंडे उघडी असलेला, खाली जाळी बसवलेला पत्र्याचा उभा डबा मिळाला तर काम आणखी सोपे होते: खाली कागद, वर कोळसा, आणि हवा आपोआप वर खेचली जाते. एका लहान कोंबडीला एक ते सव्वा किलो कोळसा लागतो. पेटवल्यापासून वीस ते तीस मिनिटांनी ज्वाला बसतात आणि तुकड्यांवर राखाडी राखेचा पातळ थर चढतो. पक्षी ठेवण्याची वेळ तेव्हा येते, त्याआधी नाही. पेटवताना विंझणा मारावा, पण पक्षी जाळीवर असताना मारू नये. राख उडून मांसाला चिकटते आणि आच एकाच ठिकाणी भडकते.

आता मांडणी. निखारे शेगडीभर सपाट पसरण्याची सवय सोडून द्यावी, ती शीग कबाबांसाठी योग्य आहे. अख्ख्या पक्ष्यासाठी सगळे निखारे शेगडीच्या एका बाजूला दोन-तीन थरांत रचावेत आणि दुसरी बाजू पूर्ण मोकळी ठेवावी. मोकळ्या बाजूखाली पत्र्याचे ताट ठेवून त्यात बोटभर पाणी घालावे, म्हणजे पडणारी चरबी पेट घेत नाही. अशा मांडणीत दोन आचा तयार होतात: एकीकडे कातडी खरपूस करणारी कडक आच, दुसरीकडे आतपर्यंत शिजवणारी मंद आच. भडका उडाला, बाजू करपू लागली, पाहुण्यांना उशीर झाला, कशालाही उत्तर एकच असते: पक्षी मोकळ्या बाजूला सरकवणे. ही जागाच ठेवलेली नसेल तर उरतो तो पाण्याचा हबका. त्याने राखेचा लोट उठतो, आच पडते आणि चरबीच्या ज्वाळा उलट पसरू शकतात.

आचेचा अंदाज हाताने घेता येतो. जाळीपासून बारा-तेरा सेंटिमीटर वर तळहात धरावा. दोन-तीन सेकंदांत काढावा लागला तर आच कडक, चार-पाच सेकंद टिकला तर मध्यम, सात-आठ सेकंद टिकला तर मंद.

धुराच्या चवीबद्दल एक समज दुरुस्त करायला हवा. नीट पेटलेला कोळसा स्वतः फारसा धूर देत नाही. कोळशावरच्या पदार्थाची ओळखीची चव मुख्यतः निखाऱ्यांवर पडणाऱ्या चरबीच्या आणि मसाल्याच्या थेंबांतून येते. हे थेंब थोडे पडायला हवेत, पण त्यांतून ज्वाळा उठू लागल्या तर काजळीचा कडू थर बसतो आणि शरीराला घातक द्रव्येही तयार होतात. लाकडाचा वास हवाच असेल तर सुकलेल्या आंब्याच्या लाकडाचा मुठीएवढा तुकडा निखाऱ्यांच्या कडेला ठेवावा.

कोंबडी भाजणे

झाकणाची शेगडी असेल तर उघडलेली कोंबडी मोकळ्या बाजूवर, कातडी वर आणि हाडांची बाजू खाली, अशी ठेवावी. तंगड्या निखाऱ्यांकडे आणि छाती लांब, हे महत्त्वाचे. सुरुवातीला सांगितलेला छाती आणि मांडीच्या तापमानातला फरक या एका कृतीने जवळजवळ आपोआप साधतो. झाकणाचे छिद्र कोंबडीच्या बरोबर वर यायला हवे, म्हणजे गरम हवा निखाऱ्यांवरून निघून कोंबडीवरून बाहेर पडते. खालची छिद्रे उघडी ठेवावीत. झाकणाखालचे तापमान १८० ते २०० अंश राहिले तर ९०० ग्रॅमची कोंबडी ३५ ते ४० मिनिटांत होत येते. पहिली वीस मिनिटे झाकण उघडू नये. नंतर कोंबडीची जागा न बदलता डावी-उजवी बाजू पाहून थोडी फिरवावी.

छातीच्या सर्वांत जाड भागाचे तापमान ६५-६६ अंशांवर आले की कोंबडी निखाऱ्यांच्या बाजूला आणून कातडी खाली करावी. चार-पाच मिनिटे, सतत जवळ उभे राहून, हलवत राहून. या वेळेपर्यंत कातडीखालची बरीच चरबी वितळून गेलेली असल्याने भडके कमी उठतात आणि कातडी कुरकुरीत होते. सुरुवातीलाच कातडी निखाऱ्यांवर ठेवली तर ती चरबी एकदम सुटते, ज्वाळा उठतात आणि पहिल्या पाच मिनिटांत पक्षी काळा पडतो. कोळशावरची कोंबडी बाहेरून जळलेली आणि आतून कच्ची निघते ती मुख्यतः याच चुकीमुळे.

घरची साधी लोखंडी शेगडी असेल आणि झाकण नसेल तरी हे जमते. जाळी निखाऱ्यांपासून पंधरा-सोळा सेंटिमीटर उंच हवी. नसेल तर चार विटांवर बसवावी. कोंबडी मोकळ्या बाजूला ठेवून तिच्यावर मोठी कढई किंवा ॲल्युमिनियमचे पातेले पालथे घालावे. आच आत कोंडली जाते आणि वेळ पाच-दहा मिनिटांनीच वाढतो. उघड्यावर, काहीही न झाकता भाजायची झाल्यास मध्यम आचेवर दर चार-पाच मिनिटांनी उलटत राहावे आणि पाऊण तासाची तयारी ठेवावी. अशा वेळी निखारे कमी पडतात, म्हणून बाजूला वेगळ्या घमेल्यात मूठ-दोन मुठी कोळसा पेटता ठेवावा. कच्चा कोळसा थेट शेगडीत टाकला तर तो पेटेपर्यंत आच पडते आणि धूरही होतो.

तेल किंवा तूप लावायचे असेल तर कुंच्याने, अगदी पातळ. उरलेला मुरवणीचा मसाला कच्च्या मांसाला लागलेला असतो. तो भाजताना पुन्हा लावायचा झाल्यास शेवटच्या दहा मिनिटांच्या आधीच लावावा आणि वरून वाढायला घ्यायचा असेल तर वेगळ्या भांड्यात खळखळून उकळूनच.

लावा भाजणे

लाव्याचे तंत्र नेमके उलट असते. कोंबडीला वेळ द्यायचा, लाव्याला द्यायचा नाही. मोकळ्या बाजूवर सावकाश ठेवलेला लावा रंग येण्याआधीच वाळतो. म्हणून तो थेट निखाऱ्यांवर, मध्यम ते कडक आचेवर भाजावा. कातडीला आधी तूप चोळून घ्यावे. हाडांची बाजू खाली ठेवून पाच-सहा मिनिटे, मग उलटून कातडीच्या बाजूने तीन-चार मिनिटे. एकूण काम आठ-दहा मिनिटांचे. हाडांची बाजू आधी ठेवल्याने बरगड्यांची जाळी छातीला आचेपासून वाचवते आणि शिजणे आतून बाहेर येते. न उघडता, पोटात लसणाची पाकळी आणि कोथिंबिरीची काडी घालून अख्खा लावा सळईवर फिरवत भाजायचा असेल तर पंधरा ते वीस मिनिटे लागतात. दिसायला तो देखणा असतो, पण छाती उघडलेल्या लाव्याइतकी रसदार राहत नाही. माणशी दोन लावे धरावेत. मसाला कमीत कमी ठेवावा. मीठ, मिरपूड, लसूण, तूप, वरून लिंबू एवढ्यावर लावा जसा लागतो तसा तो तिखट लाल मसाल्यात कधीच लागत नाही.

झाले की नाही

खात्रीचा मार्ग एकच: टोकदार सुईचा थर्मामीटर. कोंबडीत तो मांडीच्या आतल्या बाजूने, हाडाला न टेकता, आणि छातीच्या जाड भागात आडवा घालून पाहावा. छातीत ७४ अंश आणि मांडीत ८० ते ८२ अंश दिसले की काढावे. लाव्यात सुई छातीत बाजूने, लांबीच्या दिशेने घालावी, नाहीतर ती आरपार जाऊन जाळीचे तापमान दाखवते. थर्मामीटर नसेल तर मांडीच्या सांध्यात सुरी घालून मांस हाडापासून सहज सुटते का ते पाहावे. सांधा ओढल्यावर रबरासारखा ताणला गेला तर अजून वेळ आहे.

रंगावर मात्र पूर्ण भिस्त ठेवू नये. कोवळ्या ब्रॉयलरची हाडे पुरेशी घट्ट झालेली नसतात. आतल्या मज्जेतला लाल रंग झिरपून हाडाजवळचे मांस पूर्ण शिजल्यावरही लालसर दिसते. गोठवलेल्या पक्ष्यात हे अधिक होते. उलट, हळदीच्या मसाल्यात मुरवलेला कच्चा पक्षीही आतून पिवळट, शिजल्यासारखा दिसू शकतो.

काढल्यावर कोंबडी दहा मिनिटे आणि लावा तीन-चार मिनिटे तसाच, न झाकता ठेवावा. झाकले तर वाफेने कातडी पुन्हा नरम पडते. एवढ्या वेळात आतले तापमान दोन-तीन अंशांनी आणखी चढते आणि रस मांसात स्थिरावतो. कोंबडीचे चार भाग करून वाढावेत: आधी मांड्या वेगळ्या, मग छातीच्या हाडावरून मधोमध. ताटात जमलेला रस लिंबू पिळून त्यावरच ओतावा.

जागा आणि राख

जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. निखाऱ्यांना ज्वाळा आणि धूर नसतानाही तो तयार होत राहतो. त्यामुळे खोलीत, काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत, गॅरेजमध्ये किंवा तंबूत शेगडी पेटवू नये; खिडकी उघडी ठेवणे पुरेसे नाही. गच्ची, अंगण किंवा शेत हीच योग्य जागा. पाऊस आला म्हणून पेटती शेगडी घरात आणणे सर्वांत धोक्याचे. गच्चीवर भाजताना पाण्याच्या टाकीची प्लॅस्टिकची नळी, वाळत घातलेले कपडे आणि मांडवाचे कापड यांपासून शेगडी किमान तीन मीटर दूर असावी आणि वाळूची बादली हाताशी असावी.

मांस कच्चे असो वा भाजलेले, बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. उन्हाळ्यात, हवेचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर तासभरच. उरलेले हाडांपासून सोडवून उथळ डब्यात फ्रिजमध्ये ठेवावे आणि तीन दिवसांत, पुन्हा ७४ अंशांपर्यंत गरम करून, संपवावे. निखारे विझवताना शेगडीची सगळी छिद्रे आणि झाकण बंद करावे. हवेअभावी ते विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. उघड्या शेगडीतले निखारे पत्र्याच्या डब्यात भरून घट्ट झाकण लावावे. राख वरून गार वाटली तरी तिच्या पोटात धग दुसऱ्या दिवसापर्यंत टिकू शकते, म्हणून ती पूर्ण दोन दिवस पत्र्याच्या डब्यातच ठेवावी आणि नंतरच कचऱ्यात टाकावी. मिठाचा किंवा चरबीचा अंश नसलेली लाकडी कोळशाची राख झाडांच्या मातीत थोडी मिसळता येते. जाळीखालच्या ताटातली चरबीमिश्रित राख मात्र झाडांना घालू नये.